घरातला वाद : कोणता विज्ञानपट खरा चांगला?

प्रश्न : आमच्या घरी शनिवारी रात्री जेवणे उरकल्यावर सगळ्यांनी मिळून एक चित्रपट पाहण्याची पद्धत आहे. माझे सासरे माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत आहे. दोघांनाही विज्ञानपटांची आवड आहे, पण सासरे प्रत्येक चित्रपटातल्या चुका दाखवून ‘हे विज्ञान नव्हे’ म्हणतात आणि मुलगा ‘आजोबा, हे पाठ्यपुस्तक नाही’ म्हणून चिडतो. गेल्या महिन्यात ‘इंटरस्टेलर’वरून दोघांचे एवढे वाजले की शनिवारचा कार्यक्रमच बंद पडला. गेल्या दहा-बारा वर्षांतले चांगले विज्ञानपट कोणते आणि ते चांगले कशावरून ठरवायचे, हे सांगाल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण ज्या घरात कृष्णविवरावरून आजोबा आणि नातू भांडतात त्या घरात विज्ञानाविषयीची ओढ शाबूत आहे. ‘दोघेही आपापल्या जागी बरोबर’ असे सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. तुमच्या सासऱ्यांची तक्रार मोलाची आहे, पण त्यांनी हाती घेतलेले माप चुकीचे आहे. तुमच्या मुलाचा आनंद खरा आहे, पण त्याचा युक्तिवाद लंगडा आहे. ‘हा केवळ चित्रपट आहे’ असे म्हटले की चांगला आणि वाईट विज्ञानपट यांत फरक करण्याचे कारणच उरत नाही.

मला वाटते ते माप असे. तुमच्या सासऱ्यांनी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर उतरण काढून ‘घर्षण शून्य आहे असे समजा’ म्हटले असेल. घर्षण शून्य नसते हे त्यांना आणि मुलांना दोघांनाही ठाऊक असते, तरीही त्या उदाहरणाला कोणी खोटे म्हणत नाही, कारण एकदा तसे गृहीत धरल्यावर गणित शेवटपर्यंत त्याच अटीवर सोडवले जाते आणि उत्तर जुळत नाही म्हणून मध्येच घर्षण आणले जात नाही. विज्ञानपटालाही असे एखादे मोठे गृहीत धरण्याची मोकळीक द्यावी, मग ते आजच्या विज्ञानाला कितीही न पटणारे असो. मात्र त्या गृहीताचे परिणाम तो माणसांच्या आयुष्यात शेवटपर्यंत प्रामाणिकपणे नेतो की अडचण आली की नवा नियम काढून सुटका करून घेतो, हे कठोरपणे तपासावे. चुकांची संख्या मोजण्यापेक्षा ही तपासणी अवघड आहे आणि तिला शिक्षकाचीच नजर लागते.

ज्यावरून तुमच्याकडे वाद पेटला तो ‘इंटरस्टेलर’ (२०१४) याच मापाने पाहू. ख्रिस्तोफर नोलन यांच्या या चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न होते, ज्यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. पडद्यावरचे कृष्णविवर कुणा चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेले नाही. थॉर्न यांनी प्रकाशकिरणांच्या वाटेची समीकरणे दिली, दृश्यपरिणाम करणाऱ्या चमूने त्यांवरून संगणकप्रणाली लिहिली आणि त्या कामावर पुढे रीतसर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त चकतीच्या मागच्या भागाचा प्रकाश वाकून वर आणि खाली कमानीसारखा दिसतो, तो त्या गणितातूनच आलेला आहे. हे तुमच्या सासऱ्यांना अवश्य सांगा. त्यांचा राग निदान या भागापुरता तरी निवळेल.

माझ्या मते या चित्रपटाचे शिखर त्या चकतीच्या दृश्यात नसून त्यानंतरच्या एका साध्या प्रसंगात आहे. कृष्णविवराच्या प्रचंड गुरुत्वामुळे त्याच्या जवळ काळ संथ चालतो, म्हणून त्याच्या अगदी जवळच्या पाण्याच्या ग्रहावर एक तास घालवला तर पृथ्वीवर सात वर्षे उलटतात, असा हिशेब आधीच सांगितलेला असतो. मुलांना पृथ्वीवर सोडून आलेला नायक कूपर आणि त्याचे सहकारी तिथे उतरतात, एक अपघात होतो आणि थोडा वेळ जास्त जातो. परत यानात येतात तेव्हा तिथे थांबलेला त्यांचा सोबती तेवीस वर्षांनी म्हातारा झालेला असतो. मग कूपर एकटा पडद्यासमोर बसतो आणि घरून आलेले, साचून राहिलेले निरोप एकामागून एक पाहतो. मुलगा शाळा संपवतो, लग्न करतो, त्याला मूल होते आणि ते दगावतेही, आजोबा जातात आणि मुलगा एके दिवशी निरोप पाठवणे थांबवतो. शेवटी त्याची मुलगी प्रथमच पडद्यावर येते आणि सांगते की आज तिचा वाढदिवस आहे, बाप घर सोडून गेला तेव्हा जेवढ्या वयाचा होता तेवढी ती आज झाली. सापेक्षता सिद्धान्ताचा अर्थ एवढ्या थोडक्यात सांगणारे दुसरे दृश्य मला माहीत नाही. इथे एक गृहीत धरले आहे, त्याचा हिशेब चोख ठेवला आहे आणि ती किंमत एका बापाने मोजलेली आपण पाहतो.

शेवटच्या भागाबद्दल मात्र मी तुमच्या सासऱ्यांच्या बाजूचा आहे, फक्त कारण वेगळे आहे. कृष्णविवरात नेमके काय असते हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तिथे काहीही दाखवायची मुभा दिग्दर्शकाला आहे. माझी हरकत अशी की तोपर्यंत ज्या चित्रपटाने प्रत्येक तासाची किंमत वसूल केली, तोच शेवटी नायकाला जवळजवळ फुकटात मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या मांडणीमागे आणून उभा करतो, त्याचा निरोप पोहोचवतो आणि वर त्याची सुखरूप सुटकाही करतो. मध्यंतरी एका पात्राच्या तोंडी प्रेम हे काळ आणि अवकाश ओलांडणारे काहीतरी असल्याचे वाक्य घातले आहे, ते या सुटकेची पूर्वतयारी म्हणून घातल्यासारखे वाटते. म्हणून ‘इंटरस्टेलर’ मी थोर चित्रपटांत धरतो, पण सर्वोत्तम म्हणत नाही.

अचूकपणाच्या मापाने तुमच्या सासऱ्यांना सर्वांत जास्त समाधान देईल तो रिडली स्कॉट यांचा ‘द मार्शियन’ (२०१५). मंगळावर एकटा राहिलेला अंतराळवीर बटाटे पिकवून जगतो, हे बहुतेकांना माहीत असते. मला त्याहून आवडतो तो पृथ्वीशी संपर्क साधण्याचा प्रसंग. नायक १९९७ मध्ये मंगळावर उतरलेले पाथफाइंडर हे यान वाळूतून उकरून काढतो. पृथ्वीवरून त्या यानाचा कॅमेरा फक्त वळवता येतो, शब्द पाठवता येत नाहीत. कॅमेऱ्याभोवती वर्तुळात पाट्या रोवून ज्या पाटीकडे कॅमेरा वळेल ते अक्षर समजायचे असे तो ठरवतो. पण इंग्रजीची सव्वीस अक्षरे आणि एक प्रश्नचिन्ह अशा सत्तावीस पाट्या ३६० अंशांत मांडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १३ अंश येतात आणि कॅमेरा नेमका कुणाकडे पाहतो आहे हे ओळखू येत नाही. तेव्हा तो सोळा चिन्हांच्या षोडशमान पद्धतीकडे वळतो. आता प्रत्येक पाटीला साडेबावीस अंश मिळतात आणि दोन चिन्हांच्या जोडीतून एक अक्षर वाचता येते. अकरावीच्या मुलाने इथे चित्रपट थांबवून कागद-पेन्सिल घेतली, तर आजोबांना नातवाशेजारी बसून शिकवण्याचा आनंद पुन्हा मिळेल.

आणि हो, याच ‘अचूक’ चित्रपटाची सुरुवातच एका ढळढळीत चुकीने होते. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. इतक्या विरळ हवेतले वादळ कितीही वेगाचे असले तरी ते परतीचे यान कलंडवू शकणार नाही. मूळ कादंबरीचे लेखक अँडी वियर यांनीही हे उघडपणे मान्य केले आहे. नायकाला तिथे एकटा पाडल्याशिवाय कथाच सुरू होत नाही, म्हणून ती सवलत एकदाच घेतली आहे आणि पुढे एकेक थेंब पाण्याचा आणि एकेका बटाट्याचा हिशेब ठेवला आहे. तुमच्या सासऱ्यांना मी नम्रपणे विचारीन की ही चूक मोजायची की तिच्यानंतर पाळलेले पथ्य मोजायचे?

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) बाबतही हाच प्रश्न येतो. हबल दुर्बीण आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक यांच्या कक्षांची उंची वेगळी आहे आणि कलही वेगळा आहे, त्यामुळे चित्रपटात दाखवले आहे तसे एकीकडून दुसरीकडे पाठीवरच्या छोट्या इंजिनाने जाता येणार नाही. तरीही निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज ऐकू येत नाही हे साधे सत्य या चित्रपटाने पाळले आणि त्या शांततेनेच प्रेक्षकाच्या काळजाचा ठाव घेतला. जाता जाता एक गोष्ट मुलाला सांगा : या चित्रपटाला जेवढा खर्च आला त्याहून कमी खर्चात आपले मंगळयान सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले.

आता माझ्या पहिल्या पसंतीकडे येतो. गेल्या दहा-बारा वर्षांतला सर्वोत्तम विज्ञानपट कोणता, असे एकच नाव विचारले तर मी डेनी व्हिलनव यांचा ‘अरायव्हल’ (२०१६) सांगेन. टेड चियांग यांच्या एका दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. जगाच्या बारा ठिकाणी परग्रहवासीयांची याने येऊन थांबतात आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी लष्कर एका भाषाशास्त्रज्ञ स्त्रीला पाचारण करते. या चित्रपटाचे गृहीत असे की नवी भाषा आत्मसात केल्याने माणसाची काळाकडे पाहण्याची जाणीवच पालटू शकते. भाषा विचारांना पूर्णपणे घडवते हे मत आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ इतक्या टोकाच्या रूपात मान्य करत नाहीत. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या मापाने हा चित्रपट पायापासूनच बाद व्हायला हवा. पण एकदा ते गृहीत मान्य केल्यावर तो जे करतो ते पाहा.

एका प्रसंगात लष्करी अधिकारी तिला विचारतो की इतक्या प्राथमिक शब्दांवर वेळ का घालवायचा, ‘तुम्ही पृथ्वीवर कशासाठी आला आहात’ एवढेच विचारून मोकळे का होऊ नये. ती तो प्रश्न फळ्यावर लिहिते आणि त्याचे तुकडे पाडते. समोरच्याला आधी प्रश्न म्हणजे काय हे कळायला हवे, ‘तुम्ही’ म्हणजे समोर उभे असलेले दोघे की त्यांची सगळी जमात हे कळायला हवे आणि हेतू धरून केलेली कृती कोणती व आपोआप घडणारी कोणती हा भेद त्यांच्याकडे असायला हवा. या चित्रपटात शस्त्रांहून महत्त्वाची ठरते ती अशी चिकाटी. परग्रहवासीयांची वर्तुळाकार लिपीही नुसती सजावट नाही. चिन्हांचा एक पद्धतशीर संग्रह तयार केला गेला, त्यांच्या विश्लेषणासाठी स्टीफन वुल्फ्रम आणि त्यांच्या मुलाने खरी संगणकप्रणाली लिहून दिली आणि जेसिका कून या भाषाशास्त्रज्ञेचा सल्ला घेतला गेला. आणि शेवटी त्या एका गृहीताची किंमत नायिकेला जी मोजावी लागते ती मी इथे सांगणार नाही, एवढेच म्हणतो की चित्रपट तिला त्यातून सूट देत नाही. इंटरस्टेलर जिथे ढेपाळतो नेमके तिथे अरायव्हल ठाम उभा राहतो, म्हणून मी त्याला वरचे स्थान देतो.

तुमचे सासरे मराठी विज्ञानकथा वाचत आले असतील, असा माझा अंदाज आहे. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, हे त्यांना बहुधा पाठ असेल. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत गाडल्या गेलेल्या एका प्राचीन संस्कृतीच्या माहितीवरून यंत्रमानव घडवला जातो आणि तो आपल्या निर्मात्यांना भारी पडू लागतो. ती त्यांनी वाचली असेल तर ॲलेक्स गार्लंड यांचा ‘एक्स माकिना’ (२०१४) त्यांना लगेच भिडेल. समोरची स्त्री यंत्र आहे हे डोळ्यांना दिसत असूनही माणूस तिच्यात जाणीव आहे असे मानू लागतो का, ही त्यातली परीक्षा आहे आणि ती घेणाऱ्याचीच परीक्षा कधी सुरू झाली हे प्रेक्षकालाही उशिरा उमगते. मात्र यात नग्नतेची दृश्ये आहेत, तेव्हा हा शनिवारी सगळ्यांसोबत पाहण्याचा चित्रपट नव्हे. संगणकप्रणालीच्या प्रेमात पडणाऱ्या माणसाची कथा सांगणारा स्पाइक जोन्झ यांचा ‘हर’ (२०१३) हाही तसाच. तो तुम्ही आणि तुमचे यजमान वेगळा वेळ काढून पाहा. संगणकाशी गप्पा मारणे आता इतके रोजचे झाले आहे की त्या चित्रपटाचा एकाकीपणा तेव्हापेक्षा आज जास्त बोचतो.

विज्ञानपट म्हणजे हॉलिवूड असा समज तुमच्या घरात असेल तर तो मोडायला हवा. जपानचा ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) पाहा. ताकाशी यामाझाकी यांनी सुमारे पस्तीस कलावंतांच्या चमूकडून सहाशेवर दृश्यपरिणाम करून घेतले आणि प्रचंड खर्चाच्या चित्रपटांना मागे टाकून त्यासाठी ऑस्कर मिळवले. युद्धात होरपळलेल्या देशात सरकार हात वर करते आणि सामान्य माणसे त्या राक्षसी प्राण्याचा सामना करायला उभी राहतात. त्यांची युक्ती अशी की त्याच्याभोवती वायूचे बुडबुडे सोडून पाण्याची घनता कमी करायची, म्हणजे तो झपाट्याने तळाशी जाईल, आणि मग तितक्याच वेगाने वर ओढून दाबातल्या फरकाने त्याला फोडायचे. आर्किमिडीजचे तत्त्व इतक्या उत्कंठेने पडद्यावर क्वचितच आले असेल. तुमच्या सासऱ्यांनी त्यावर दहा मिनिटे बोलावे आणि मुलाने ती ऐकावीत, अशी माझी खास शिफारस आहे.

आपल्या देशातले दोन चित्रपट मला फार जवळचे वाटतात. मल्याळम ‘अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५’ (२०१९) मध्ये केरळच्या एका गावातल्या हट्टी वडिलांची देखभाल करायला परदेशी नोकरीला गेलेला मुलगा यंत्रमानव आणून ठेवतो. आधी त्याला जवळ न फिरकू देणारा म्हातारा हळूहळू त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करू लागतो. सुराज वेंजारमूड यांनी तो म्हातारा असा उभा केला आहे की यंत्र खरे की खोटे हा प्रश्न मनात येतच नाही. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आणि आईवडील गावी, ही स्थिती सातारकरांना कुणी समजावून सांगायला नको. दुसरा आरती कडव यांचा हिंदी ‘कार्गो’ : मृत्यूनंतर माणसे एका अंतराळयानात येतात आणि तिथला राक्षसकुळातला कर्मचारी त्यांच्या आठवणी पुसून त्यांना पुढच्या जन्माला पाठवतो. जुजबी साधनांत उभे केलेले ते यान एखाद्या सरकारी कचेरीसारखे भासते आणि त्यामुळेच खरे वाटते. मराठी साहित्यात विज्ञानकथा इतकी बहरली असताना मराठी चित्रपटाने तिला एवढे दूर का ठेवले, याची खंत असे चित्रपट पाहिले की अधिकच वाढते.

‘ड्यून’चे दोन भाग (२०२१ आणि २०२४) तुमच्या मुलाच्या यादीत वरच असतील. ते दिमाखदार आहेत, त्यातले वाळवंट आणि शरीरातले पाणी गाळून पुन्हा प्यायला देणारे पोशाख विसरता येत नाहीत, पण त्यांचा जीव राजकारणात आणि धर्मश्रद्धेत आहे, विज्ञान तिथे पार्श्वभूमीला उभे आहे. ‘कल्की २८९८ ए.डी.’ (२०२४) मधील भविष्यातली काशी आणि अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा मलाही आवडला. मात्र त्यात अडचण आली की विज्ञान पुराणाकडे बोट दाखवते आणि पुराण विज्ञानाकडे, म्हणून माझ्या मापाला तो उतरत नाही. मुलगा यावर वाद घालील आणि त्याने तो घालावाच, फक्त ‘आवडला’ याच्या पुढे जाऊन कशामुळे ते सांगावे.

कार्यक्रम पुन्हा सुरू करताना पहिल्या शनिवारी ‘द मार्शियन’ लावा, कारण त्यात दोघांनाही आपापले हवे ते मिळेल. मग ‘गॉडझिला मायनस वन’ आणि ‘कुंजप्पन’ घ्या. दोन्ही परभाषी असल्यामुळे खालच्या ओळी सगळ्यांनाच वाचाव्या लागतील आणि मध्ये बोलणे आपसूक कमी होईल. त्यानंतर ‘इंटरस्टेलर’ पुन्हा पाहा, पण या वेळी निरोपांचा प्रसंग संपल्यावर थांबून सासऱ्यांना विचारा की इथपर्यंत हिशेब कुठे चुकला का. ‘अरायव्हल’ मुद्दाम शेवटी ठेवा आणि तो दोन लागोपाठच्या शनिवारी दोनदा पाहा, कारण शेवट कळल्यावर सुरुवातीच्या पाच मिनिटांचा अर्थ पार बदलतो आणि तो कसा बदलला हे सासऱ्यांना नातवाकडूनच ऐकू द्या.